इअरबड : श्रवणमापन व श्रवणसाहाय्य

संगीत व दूरध्वनीवरील संभाषण ऐकण्यासाठी कानात बसविण्यात येणाऱ्या लहान बिनतारी श्रावकास ‘इअरबड’ म्हणतात. श्रवणक्षमता मोजणे व सौम्य ते मध्यम बहिरेपणात ऐकण्यास साहाय्य करणे, ही दोन कार्ये या घरगुती उपकरणाकडे अलीकडे आली असली, तरी त्यांचा उगम टेलिफोनाच्या शोधाशी निगडित आहे.

टेलिफोनाचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे बॉस्टन येथे बहिऱ्यांचे शिक्षक होते. त्यांच्या आईस फार कमी ऐकू येई व पत्नी पूर्णपणे बहिरी होती. १८७६ मध्ये त्यांना टेलिफोनाचे एकस्व मिळाले. त्यानंतर तीनच वर्षांनी डेव्हिड एडवर्ड ह्यूझ यांनी टेलिफोनाचा श्रावक वापरून विद्युत् श्रवणमापक तयार केला. मिलर रीस हचिसन यांनी १८९८ च्या सुमारास टेलिफोनातील कार्बन प्रेषकाच्या आधारे विद्युत् श्रवणयंत्र बनविले. त्यापूर्वी बहिऱ्यांना केवळ कर्ण्याचा आधार होता. पुढे १९२० नंतर निर्वात नलिकांची, १९५२ मध्ये ट्रँझिस्टरची व १९९६ मध्ये संपूर्ण अंकीय संस्करण करणारी श्रवणयंत्रे प्रचारात आली.

श्रवणमापनात निरनिराळ्या कंप्रतांचे शुद्ध स्वर ऐकवून प्रत्येक कंप्रतेस ऐकू येणारी किमान पातळी डेसिबेलमध्ये नोंदतात. या नोंदीच्या आलेखास श्रवणालेख म्हणतात. वार्धक्यात बहुधा उच्च कंप्रतांचे ध्वनी प्रथम क्षीण होतात. त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात; वृद्धास आवाज ऐकू येतो, परंतु शब्द उमगत नाहीत. म्हणून श्रवणयंत्र सर्व ध्वनी सरसकट मोठे न करता श्रवणालेखानुसार कंप्रतावार विवर्धन करते. यासाठी लागणारे ध्वनिग्राहक, संस्कारक व श्रावक हे तिन्ही भाग आधुनिक इअरबडमध्ये असतात. तसेच विशिष्ट बनावटीच्या इअरबडमधून किती तीव्रतेचा ध्वनी निघतो, हे आधीच ज्ञात असल्याने त्याच्याशी जोडलेल्या फोनाद्वारे घरीच श्रवणचाचणी घेता येते.

या कामी तंत्राइतकाच कायदाही निर्णायक ठरला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७७ च्या नियमांनी श्रवणयंत्राच्या खरेदीपूर्वी वैद्यकीय तपासणीची अट घातली होती. मात्र प्रौढांना ती लेखी नाकारता येई. तेथील काँग्रेसने २०१७ मध्ये सौम्य ते मध्यम बहिरेपणा असणाऱ्या प्रौढांसाठी खुल्या विक्रीचा कायदा केला व त्याखालील नियम १७ ऑक्टोबर २०२२ पासून अंमलात आले. १२ सप्टेंबर २०२४ रोजी तेथील अन्न व औषध प्रशासनाने ॲपल कंपनीच्या ‘एअरपॉड्स प्रो’ या इअरबडना श्रवणयंत्राचे कार्य देणाऱ्या आज्ञावलीस मान्यता दिली. ही सोय प्रारंभी भारतात उपलब्ध नव्हती. तेव्हा बंगळुरू येथील काही तरुणांनी आपल्या आजींसाठी ॲल्युमिनियमचा वर्ख व मायक्रोवेव्ह भट्टी यांच्या आडोशाने बाहेरील संदेश अडविले आणि उपकरण अमेरिकेत असल्याचे भासवून ती सुरू केली.

तैपेई येथे २१ व्यक्तींवर केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शांत जागी हे इअरबड साध्या श्रवणयंत्राच्या तोडीचे ठरले. मात्र समोरून गोंगाट असता त्यांचा उपयोग झाला नाही. तीव्र बहिरेपणात व लहान मुलांसाठी ते योग्य नाहीत. एकाएकी ऐकू येईनासे झाल्यास किंवा एकाच कानाने कमी ऐकू येत असल्यास वैद्याकडेच जाणे आवश्यक असते. शिवाय मोठ्या आवाजात दीर्घकाळ वापरल्यास हेच साधन श्रवणशक्तीस अपाय करते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील सु. ४३ कोटी लोकांना श्रवणदोषावर उपचार वा साहाय्य यांची गरज होती. परंतु श्रवणयंत्राचा लाभ होऊ शकणाऱ्यांपैकी फारच थोडे ते वापरीत. महागडी किंमत, तज्ञांची दुर्मिळता व संकोच ही त्याची प्रमुख कारणे होत. चष्म्याविषयी न वाटणारी लाज श्रवणयंत्राविषयी वाटते. तरुणांच्या कानी सर्रास दिसणाऱ्या इअरबडमुळे हा संकोच काही अंशी कमी होतो. मात्र इअरबड घातलेली व्यक्ती आपले बोलणे ऐकत नाही, हा समज समाजातून गेल्याखेरीज त्याचा पूर्ण लाभ मिळणे कठीण आहे.