कॉकोलिथोफोर
हॅप्टोफायटा संघातील एकपेशीय सागरी शैवले. पेशीभोवती कॅल्साइटच्या सूक्ष्म तबकड्यांचे कवच असते. या तबकड्यांना कॉकोलिथ म्हणतात. जातींची ओळख मुख्यतः तबकडीची कडा, मध्यभाग व स्फटिकांची मांडणी यांवरून पटते. जगभर आढळणारी एमिलियानिया हक्सलेई ही जाती जेमतेम ५ मायक्रोमीटरची. तिच्या तबकडीवरील ‘टी’ आकाराचे घटक पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. साध्या सूक्ष्मदर्शकात ध्रुवित प्रकाश वापरला, तर तबकडीवर उमटणाऱ्या काळ्या फुलीचा आकारही सरावलेल्या नजरेला पुष्कळ काही सांगतो.

मात्र केवळ तबकडीवर विसंबणे धोक्याचे. अनेक जातींत द्विगुणित अवस्थेत गुंतागुंतीच्या स्फटिकांचे हेटरोकॉकोलिथ, तर एकगुणित अवस्थेत सारख्या, बारीक स्फटिकांचे होलोकॉकोलिथ तयार होतात. परिणामी एकाच जीवाला दोन नावे मिळत गेली. क्रिस्टलोलिथस हायालिनस ही स्वतंत्र जाती नसून कॉकोलिथस पेलाजिकसचीच दुसरी अवस्था आहे, हे मेरी पार्क व अ‍ॅडम्स यांनी १९६० मध्ये दाखवले. वर्गीकरणाला हा मोठाच हादरा होता. पुढे जनुकीय अभ्यासाने अशा जोड्या जुळवणे सोपे केले.

जीवाश्मांत बहुधा सुट्या तबकड्याच हाती लागतात. त्यांतही ताऱ्यासारख्या तबकड्यांचा डिस्कोॲस्टर हा गट सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी लुप्त झाल्याने सागरी थरांचे वय ठरवताना तो फार उपयोगी पडतो.