संचायक घट आणि आपली घाई

दहावीतील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. त्याच्या थोरल्या भावाने नोकरीच्या गावाहून ६५ वॅटचा नवा चार्जर पाठविला होता आणि घरातला फोन पाच वर्षांचा जुना. "सर, एवढा मोठा चार्जर लावला तर फोन जळणार नाही ना?" आजोबांनी तर तो चार्जर कपाटात ठेवून वर कुलूप घातले होते. प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर नीट द्यावयाचे तर दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा याने १८०० साली धातूंच्या चकत्या एकीवर एक रचून केलेला आपला विद्युत्घट जगापुढे मांडला. (व्होल्टा हा श्रद्धावान कॅथलिक होता, हे जाता जाता सांगण्याचा मोह मला आवरत नाही.) पण त्याचा घट एकदा संपला की संपला. रिकामा घट पुन्हा भरून वापरण्याची सोय केली ती फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते याने, १८५९ साली. शिशाचे दोन पत्रे एकमेकांना न टेकतील असे गुंडाळून त्याने सौम्य गंधकाम्लात बुडविले. गोम एवढीच होती की, हे पत्रे पुरेशी वीज साठविण्यास योग्य व्हावेत म्हणून त्यांना पुनःपुन्हा भरावे आणि रिकामे करावे लागे, आणि या तयारीत महिनेच्या महिने जात. १८८१ च्या सुमारास कामीय फोर या त्याच्याच देशबांधवाने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप दिला आणि महिन्यांचे काम काही तासांवर आणले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. फोरने वीज अधिक जोराने ढकलली नाही. वीज घेणारा पत्राच त्याने बदलला.

तरीही तयार झालेला घट भरावयास तास लागतच. १८९७ साली लंडनच्या रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा गिऱ्हाईक ताटकळू नये म्हणून त्यांच्या चालकांनी भरण्याचा नादच सोडला. गाडी आगारात आली की जलदाबाच्या यंत्राने रिकामी बॅटरी काढून भरलेली चढवीत. आज आपल्या शहरांतून विजेच्या रिक्षांची बॅटरी बदलून देणारी दुकाने निघाली आहेत, ती याच जुन्या युक्तीची नातवंडे होत.

शिशाच्या बॅटऱ्या भरणाऱ्या कारागिरांना अनुभवाने एक नियम गवसला होता. घटात जितके अँपिअर-तास भरावयाचे बाकी आहेत, त्या आकड्याहून अधिक अँपिअरचा प्रवाह सोडू नये. म्हणजे घट रिकामा असताना प्रवाह मोठा चालतो, भरत आला की तो उतरवावा लागतो. आजच्या अतिशीघ्र चार्जरातही हेच तत्त्व वेगळ्या रूपाने नांदते आहे.

मोटोरोला कंपनीचा हातात धरावयाचा पहिला फोन १९८३ साली बाजारात आला. त्यात निकेल-कॅडमियमचे घट होते. सुमारे दहा तास भरावा आणि जेमतेम अर्धा तास बोलावे, असा त्याचा हिशेब. पुढे व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांच्या संशोधनातून लिथियम-आयन घट सिद्ध झाला. १९९१ साली सोनी कंपनीने तो विक्रीस आणला आणि २०१९ साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या घटात भरणे म्हणजे काय? लिथियमचे आयन एका अग्रापासून निघून दुसऱ्या अग्रावरील ग्रॅफाइटाच्या थरांत जाऊन बसतात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आमच्या चर्चमध्ये असेच घडते. पहिली माणसे भराभर येऊन बाकांवर बसतात. मागाहून येणाऱ्यांना "जरा सरका" म्हणत जागा शोधावी लागते. आणि सगळ्यांनी एकदम रेटा दिला तर दारातच गर्दी कोंडते. घटात अशी कोंडी झाली म्हणजे लिथियम थरांत न शिरता ग्रॅफाइटाच्या पृष्ठावर धातुरूपाने साचतो. त्याने घटाची धारणशक्ती घटते आणि क्वचित आतल्या आत दोन्ही अग्रे जोडली जाऊन धोका उद्भवतो. थंडीत ही कोंडी लवकर होते. उलट फार उष्णतेने घट जीर्ण होतो. म्हणून प्रत्येक घटाचा दाब साधारणपणे ४.२ व्होल्टपर्यंत चढेतो प्रवाह मोठा ठेवतात आणि त्यानंतर दाब तोच राखून प्रवाह हळूहळू ओसरू देतात. शेवटचा पाचवा हिस्सा रेंगाळत भरतो, तो बिघाड नव्हे. खोक्यावर छापलेला वॅटांचा आकडा फार तर पहिल्या काही मिनिटांचा असतो, हे मात्र जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कोणी छापीत नाही.

मग घाईची सोय झाली कशी? १९९६ साली यूएसबी ही जोडणी आली, ती मुळात संगणकाला यंत्रे जोडण्यासाठी. तिच्यातून पाच व्होल्ट दाबाने अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळत. पुढे माहितीच्या दोन तारा चार्जरात एकमेकींना जोडून ठेवण्याची खूण ठरली. ती खूण दिसली की फोन समजे, समोर संगणक नसून चार्जर आहे, आणि दीड अँपिअरपर्यंत घेई. त्याहून पुढे जावयाचे तर बारीक तार तापते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २०१३ साली क्वालकॉमने दाब नऊ आणि बारा व्होल्टपर्यंत चढविण्याचा मार्ग धरला. २०१४ साली ओप्पोने दाब पाचच ठेवून जाड तारेतून प्रवाह वाढविला. दोन्ही मार्ग चालले, पण एकाचा चार्जर दुसऱ्याला लागू पडेना आणि घरोघरी चार्जरांचा गुंता झाला.

सर्वांना समान असा करार २०१२ सालीच लिहिला गेला होता. टाइप-सी जोडणीमुळे तो पुढे रूढ झाला. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. चार्जर प्रथम पाच व्होल्टच देतो आणि आपल्याजवळ काय काय आहे ते सांगतो : पाच, नऊ, पंधरा, वीस व्होल्ट. फोन त्यातून स्वतःला झेपेल ते मागतो. मागितल्यावाचून चार्जर दाब चढवीत नाही. २०२१ साली या कराराची मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली. युरोपीय संघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकावयाच्या नव्या फोनांना टाइप-सी जोडणी सक्तीची केली.

तेव्हा आजोबांची भीती अनाठायी होती. भिण्यासारखा असतो तो मोठा चार्जर नव्हे, तर नियम न पाळता केलेला स्वस्त चार्जर आणि उशीखाली तापत पडलेला फोन. हे मी त्या मुलाला सांगितले, त्याने घरी सांगितले आणि कपाट उघडले. दुसऱ्या दिवशी तो थोडा खट्टू होऊन वर्गात आला. फोन जळाला नव्हता. पण भरावयास पूर्वीइतकाच वेळ लागला होता.