जुना ट्रक आणि पेट्रोलचा आकडा

दरवर्षी खंडेनवमीला नांदेडच्या आमच्या घरामागच्या शेडमधून एक जुना ट्रक बाहेर निघतो. त्याला धुऊन-पुसून झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा आणि गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारायची, असा घरचा शिरस्ता आहे. गेल्या वेळी पेट्रोल आणायला पुतण्याला पाठवलं, तर पंपावरूनच त्याचा फोन आला. ''काका, साधं घेऊ की भारी? इथला पोरगा म्हणतो, जुनी गाडी आहे, जास्त ऑक्टेनचं टाका, इंजिनाला ताकद येईल.''

प्रश्न लहान होता. पण त्याच्या उत्तरात आमच्या घरातल्या तीन पिढ्या आल्या, म्हणून तो तुम्हाला सांगतो.

हा ट्रक शेवरलेचा. दुसऱ्या महायुद्धासाठी कॅनडात असे ट्रक हजारोंनी बनले आणि भारतातही आले. युद्ध संपल्यावर लष्कराने ते विकायला काढले. लोक त्याला 'डिस्पोजलचा माल' म्हणत. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर निजामी राजवट संपली, वाटा मोकळ्या झाल्या आणि आजोबांनी हाली रुपये मोजून हा ट्रक घेतला. लातूरच्या गंजगोलाईतून धान्य भरायचं, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला उतरवायचं आणि परतीला मिळेल तो माल घ्यायचा. घरातली चूल त्या ट्रकवर पेटत होती.

भरल्या गाडीने चढ लागला, की इंजिनातून टकटक आवाज यायचा. आजोबा म्हणायचे, ''पेट्रोल दम धरत नाही.'' त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण ऑक्टेनची याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

इंजिनात पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो. दाबलं की ते तापतं. प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत शिस्तीत पसरत गेली पाहिजे. पण ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकलं, तर पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा ठोका पडतो. त्यालाच नॉकिंग म्हणतात. दाबाखाली पेट्रोल किती दम धरतं, याचं माप म्हणजे ऑक्टेन. अमेरिकेत ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये ते सुचवलं. आयसो-ऑक्टेन हे द्रव्य भरपूर दम धरतं, त्याला १०० गुण दिले. नॉर्मल हेप्टेन अजिबात धरत नाही, त्याला शून्य. बाकीची पेट्रोलं या दोन टोकांशी ताडून पाहायची.

म्हणजे आकडा वाढला की ताकद वाढली, असं नाही. आमच्या ट्रकच्या इंजिनात साडेसहा भागांचं मिश्रण दाबून एका भागाच्या जागेत येतं. आजच्या मोटारींत हेच प्रमाण दहा-अकराच्या घरात असतं. तिथे दम धरणारं पेट्रोल लागतंच. जुन्या इंजिनात दाबच कमी. त्याला त्या काळी सत्तरच्या आसपासचा आकडा पुरायचा. तिथे शंभरचं पेट्रोल ओतणं म्हणजे बैलगाडीच्या बैलाला घोड्याचा नाल ठोकण्यासारखं आहे.

पण त्या काळी पेट्रोल निवडायची सोयच नव्हती. मिळेल ते भरायचं. म्हणून शेवरलेच्या डिस्ट्रिब्युटरखाली खुणा कोरलेली एक छोटी पट्टी बसवलेली असे. तिचं नाव 'ऑक्टेन सिलेक्टर'. पेट्रोल हलकं निघालं, इंजिन ठोकायला लागलं, की स्क्रू सैल करून टायमिंग जरा मागे घ्यायचं. चांगलं मिळालं की पुढे करायचं. निवड पंपावर होत नसे, बॉनेटखाली होत असे. आजोबा चढाआधी गाडी थांबवून ती पट्टी एक-दोन खुणा सरकवत आणि चढ कान देऊन चढत.

त्या ट्रकवर माझे वडील क्लीनर होते. बाराव्या-तेराव्या वर्षापासून. डब्यातून टाकीत पेट्रोल घ्यायचं तर रबरी नळी तोंडाने ओढायची, कार्बोरेटरचा जेट बुजला की तोंडाने फुंकायचा आणि हाताचं ग्रीस पेट्रोलनेच धुवायचं. सगळेच तसं करत. त्या पेट्रोलमध्ये काय होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्यात शिसं होतं. थॉमस मिजली या अमेरिकी संशोधकाला १९२१ मध्ये दिसून आलं होतं, की टेट्राएथिल लेड चिमूटभर मिसळलं तरी नॉकिंग थांबतं. जगभर स्वस्तात आकडा वाढवायची ती युक्ती झाली. ते द्रव्य कातडीतूनही अंगात उतरतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते तयार करताना पाच कामगार दगावले, तरी विक्री कायमची थांबली नाही. आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल चार महानगरांत १९९५ मध्ये आलं आणि देशभर १ फेब्रुवारी २००० पासून. जगात सर्वांत शेवटी २०२१ मध्ये अल्जीरियाने शिसं बंद केलं. वडील पुढे मिस्त्री झाले आणि आयुष्यभर गॅरेजमध्ये राबले. त्यांच्या रक्तातलं शिसं आम्ही कधी तपासलं नाही. तपासतात, हेच माहीत नव्हतं.

पेट्रोल ट्रकचे दिवस फार टिकले नाहीत. १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक आले. तेवढ्याच मालाला इंधनाचा खर्च कितीतरी कमी. आजोबांनी डिझेल गाडी घेतली. शेवरले मात्र विकला नाही.

आता शिशाची जागा इथेनॉलने घेतली आहे. इथेनॉल पेट्रोलपेक्षा जास्त दम धरतं, त्यामुळे मिश्रणाचा आकडा आपोआप वर जातो. पूर्वी आपल्याकडे ८७ आणि ९३ अशी दोन पेट्रोलं मिळत. नव्या मानकांत साध्या पेट्रोलचा आकडा ८८ वरून ९१ वर आला आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ९५ झाला. हे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलं. आपल्याला त्याचं नवल वाटायला नको. नांदेडच्या शेजारी, बोधनच्या निजाम शुगर फॅक्टरीत मळीपासून 'पॉवर अल्कोहोल' निघत असे आणि ते पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी १९४८ मध्ये देशाने कायदाही केला होता. आज नांदेड-लातूरच्या उसाचा रस नि मळी त्याच वाटेने टाकीत पोहोचते.

पण इथेनॉलचे स्वभाव वेगळे. ते पाणी ओढून घेतं, जुनं रबर आणि कॉर्क मऊ करतं आणि पेट्रोलच्या मानाने एक-तृतीयांश कमी ऊर्जा देतं. आमच्या ट्रकला धोका आहे तो इथे. पंपावरच्या आकड्यात नाही.

मी पुतण्याला म्हटलं, ''साधंच घे, पाच लिटर. उरलेल्या पैशांत नवी, इथेनॉल सोसणारी नळी आण. पंपाचा पडदा आणि पॅकिंगही बदलू. फेरी झाली की टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करायचं. वर्षभर पेट्रोल आत ठेवायचं नाही, टाकी गंजेल.''

संध्याकाळी ट्रक गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि आला. ठोका एकही पडला नाही. मग टाकी रिकामी करायची वेळ आली. पुतण्याने नळी टाकीत सोडली आणि सवयीने दुसरं टोक तोंडाकडे नेलं. मी त्याचा हात धरला. आता त्यात शिसं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी म्हटलं, ''तोंड लावू नकोस, हातपंप आण.''

पंपावरचा पोरगा सांगेल तो आकडा ऐकून घ्या. पण तुमच्या इंजिनाला काय हवं, ते आधी इंजिनालाच विचारा. आणि पेट्रोलमध्ये काय मिसळलंय, हेही विचारत जा. माझ्या वडिलांना ते विचारायचं सुचलं नव्हतं, आणि आपण होऊन कोणी सांगितलंही नव्हतं.