जर्व्हिसचा वर्ग आणि मोजमापाचे पुस्तक

कल्याणहून विशाखापट्टणमकडे जाणारा महामार्ग नगर सोडून पाथर्डीकडे वळला की वाटेत तिसगाव लागते. येथून कानिफनाथांची मढी जवळ, वृद्धेश्वरही फार दूर नाही. तालुका अवर्षणाचा, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा. या टापूतली मुले आता मोठ्या संख्येने अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात किंवा तंत्रनिकेतनात दाखल होतात, आणि तेथे यंत्रशास्त्र व गणित यांच्या जोडीला त्यांच्यापुढे इंग्रजीचा एक प्राथमिक अभ्यासक्रम ठेवला जातो. तो शिकविण्याचे काम बहुधा आम्हां साहित्यवाल्यांकडे येते. कविता शिकविण्याची उमेद धरून आलेला प्राध्यापक अर्जाचा मसुदा आणि अहवालाची मांडणी शिकवीत बसतो, आणि ही आपली अवनती झाली असे मानतो. आम्हीही तसेच मानीत होतो. परंतु अभियांत्रिकी आणि भाषा यांची ही जोडी महाराष्ट्रात जुळली कशी, हे पाहू लागल्यावर त्या तक्रारीतला जोर बराच ओसरला.

ही जोडी आरंभी इंग्रजीशी नव्हतीच, मराठीशी होती. 1820 च्या दशकात मुंबईत ‘इंजिनिअर इन्स्टिट्यूशन’ नावाची एक शाळा चालत असे. तिचा प्रमुख कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा लष्करी इंजिनिअर. दक्षिण कोकणची मोजणी करणारा थॉमस बेस्ट जर्व्हिस तो याचा भाऊ. मोजणी आणि बांधकाम या खात्यांना हाताखालची जाणकार माणसे हवी होती, ती तयार करणे हा शाळेचा हेतू. माध्यम मराठी आणि गुजराती. पुस्तके नव्हती, म्हणून जर्व्हिसने ती करविली. जगन्नाथशास्त्री क्रमवंतांच्या साहाय्याने त्याने चार्ल्स हटनचे गणित मराठीत आणले. ‘शिक्षामाला’ ही ग्रंथमाला त्यातून निघाली. हटन हा वुलिच येथील लष्करी अकादमीतला गणिताचा अध्यापक. म्हणजे इंग्लंडात तोफखान्याचे अधिकारी जे शिकत, तेच थोड्याच वर्षांत मुंबईत मराठीतून शिकविले जात होते.

हेच क्रमवंत 1829 साली प्रसिद्ध झालेल्या ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ या पंडितांच्या कोशाच्या कर्त्यांपैकी एक होते, आणि मोल्सवर्थचा कोश आला तो 1831 साली. कोशकार्य आणि इंजिनिअरांचे क्रमिक पुस्तक एकाच काळी, काही अंशी एकाच हातांनी, घडत होते. मराठी गद्याचा इतिहास शिकविताना आपण बखरींवरून थेट ‘दर्पण’कडे उडी घेतो. काटेकोर व्याख्या, कारण आणि निष्कर्ष, ‘म्हणून’ आणि ‘यावरून’ यांनी बांधलेले वाक्य मराठीला सवयीचे करण्यात या गणिताच्या भाषांतरांचा वाटा असला पाहिजे, असे आमचे मत आहे.

या भाषांतरांची परिभाषा मात्र संस्कृतकडे झुकलेली. भिंत सरळ आहे की नाही हे पाहणाऱ्या गवंड्याजवळ ओळंबा होता, कोपरा तपासायला गुण्या होता, सपाटीसाठी पाणसळ होती. हे शब्द तसेच ओट्यावर राहिले आणि पुस्तकात शास्त्रीबोवांचे शब्द आले. जर्व्हिसची बाजू घेणाऱ्यांनी ही उणीव नजरेआड करू नये. मातृभाषेतून शिकविणे म्हणजे कोणाच्या मातृभाषेतून, हा प्रश्न तेव्हाही होता.

1832 साली शाळा बंद झाली. बारा वर्षांनी, 1844 मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेत अभियांत्रिकीचा प्राध्यापक म्हणून विल्यम पोल याला आणण्यात आले. हा वर्ग इंग्रजीतून. पोल 1847 साली परतला आणि त्या प्रयोगातूनही फारसे काही उरले नाही. (पुढे या गृहस्थाने संगीतशास्त्रावर आणि व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळावर ग्रंथ लिहिले, साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो त्यामुळेच ठाऊक असण्याचा संभव अधिक.)

नेमक्या त्याच सुमारास शिक्षण मंडळात तो प्रसिद्ध वाद पेटला. मंडळाचे अध्यक्ष न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांचे म्हणणे असे, की पैसा थोडा आहे, तो वरच्या थरातील मोजक्यांना उत्तम इंग्रजी शिक्षण देण्यात खर्च करावा. जर्व्हिसने 1847 साली टिपण लिहून याला विरोध केला: सर्व लोकांपर्यंत ज्ञान न्यायचे तर ते त्यांच्याच भाषेतून गेले पाहिजे. जगन्नाथ शंकरशेट आदी एतद्देशीय सभासद जर्व्हिसच्या बाजूला उभे राहिले. 1851 साली जर्व्हिस वारला. 1854 च्या वुडच्या खलित्याने वाद मिटविला तो वाटणी करून: उच्च शिक्षण इंग्रजीतून, लोकशिक्षण देशी भाषांतून. त्याच वर्षी पुण्यात बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी घडविणारा इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. तो पुढे मुंबई विद्यापीठाशी जोडला गेला, विश्वेश्वरय्या तेथूनच बाहेर पडले आणि 1911 साली त्याचे ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ झाले. शिक्षण इंग्रजीतून.

मराठीत ग्रंथ नव्हते म्हणून इंग्रजी आली, असे सांगण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा आहे. ग्रंथ होऊ शकतात हे जर्व्हिसने दाखविलेच होते. निर्णायक ठरली ती कचेरी. अंदाजपत्रक, नकाशावरील टिपा, वरिष्ठांना जाणारा अहवाल आणि मोजमापाचे पुस्तक ज्या भाषेत लिहिले जाते, त्याच भाषेत इंजिनिअर घडविला जातो. शाळेचे माध्यम नोकरी ठरविते, शिक्षणशास्त्र नव्हे.

मोजमापाच्या पुस्तकाचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. 1972 च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात ठिकठिकाणी पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि खडी फोडण्याची कामे निघाली. मजुरी दिवसाची नव्हे, कामाच्या मापाची. किती माती निघाली, किती ब्रास खडी फुटली, यावर घरी किती धान्य जाणार ते ठरे. शंभर घनफुटांचा हा ‘ब्रास’ शब्द निरक्षर बाईच्याही तोंडी बसला. परंतु त्या ब्रासचा हिशेब कसा होतो, खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार कोठे आणि कोणत्या अक्षरांत लिहिला जातो, हे तिच्या हाती नव्हते. हटनच्या भूमितीचा पहिला भाग तिला आला असता तर मुकादमाशी बोलता आले असते.

1983 साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि याच जिल्ह्यात लोणी व कोपरगाव येथे ती उभी राहिली. खडी फोडणाऱ्यांची नातवंडे त्या दाराशी पोहोचली, तेव्हा दारावर इंग्रजी होती. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या मुलाची पंचाईत आणखी वेगळी. हाताला काम येते, गणित कच्चे असते, आणि पहिल्या वर्षातले संभाषणकौशल्याचे तास त्याच्या वाट्याला आलेलेच नसतात.

2021 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीची पदवी देण्यास अनुमती दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये संगणक शाखा मराठीतून सुरू झाली. पावणेदोनशे वर्षांनी जर्व्हिसचे टिपण पुन्हा टेबलावर आले म्हणायचे. आम्हांला त्याचा आनंद आहे, तो निर्भेळ मात्र नाही. मुलाखतीची भाषा, आज्ञावलीची भाषा, कंपनीतल्या पत्राची भाषा तीच आहे. 1832 साली ज्यावर शाळा बुडाली ते कचेरीचे दार अजून तिकडेच उघडते. तिसगावच्या मुलाने या दोन्हींतून काय निवडावे हे त्याला सांगण्याचा अधिकार आमच्यासारख्या इंग्रजीच्या पगारावर जगणाऱ्यांना नाही.

तोवर अहवाललेखनाच्या तासाला आम्ही एक बदल केला आहे. वर्गातल्या मुलांना आपल्या गावच्या पाझर तलावाचे किंवा बंधाऱ्याचे मोजमाप करायला लावतो. आधी मराठीत, घरच्या माणसांना विचारून, मग इंग्रजीत. पहिल्या मसुद्यात ओळंबा आणि ब्रास असतात. दुसऱ्यात ओळंब्याला शब्द शोधावा लागतो, ब्रासला मात्र नाही. तेवढ्यासाठी मुले आमच्याकडे येतात.