शिरेवाटे पोषण आणि नवजात बालकाचे यकृत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पिंपरी-चिंचवड परिसराच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभ सामान्यतः हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कारखान्यापासून सांगितला जातो. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे शिरेतून द्यावयाची द्रावणेही येथे बनू लागली. 'सलाइन लावले' की रुग्णाला ताकद येते, ही लोकसमजूत या बाटलीभोवतीच वाढली. वस्तुतः तीत पाणी, मीठ वा साखर एवढेच असते. त्यावर जीव तगतो, परंतु बालक वाढत नाही. मुखावाटे काहीच घेऊ न शकणारे अर्भक केवळ शिरेवाटे वाढविता येईल काय, हा त्यापुढील प्रश्न होता. त्याच्या उत्तराची यकृताने कोणती किंमत मोजली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१९४४ मध्ये हेल्फ्रिक व एबल्सन यांनी पाच महिन्यांच्या एका कृश बालकाला शिरेवाटे पोसल्याची नोंद केली. खरी अडचण स्निग्ध पदार्थांची होती, कारण तेल रक्तात तसेच सोडता येत नाही. अमेरिकेत सरकीच्या तेलाचे इमल्शन वापरात आले, पण कावीळ व रक्तस्राव यांसारख्या दुष्परिणामांमुळे १९६० च्या दशकात ते मागे घ्यावे लागले. त्याच दशकाच्या प्रारंभी स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेलाचे तुलनेने निर्धोक इमल्शन सिद्ध केले. (सरकी आणि सोयाबीन ही दोन्ही आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या परिचयाची पिके. त्यांचा असाही एक इतिहास आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.) फिलाडेल्फियात स्टॅनले डुड्रिक व डग्लस विल्मोर यांनी प्रथम बीगल जातीच्या पिल्लांवर प्रयोग केले. १९६७ मध्ये, लहान आतडे जवळजवळ नसलेल्या एका नवजात मुलीला त्यांनी छातीतील मोठ्या शिरेतून संपूर्ण पोषण दिले. ती वाढली, पण अखेर वाचली नाही. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा वृत्तान्त वैद्यकाच्या इतिहासात विजयगाथा म्हणून नोंदला गेला.

या गाथेतून यकृत मात्र बहुधा वगळले जाते. अवघ्या तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, पेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच पोषणावर असलेल्या एका अपुऱ्या दिवसांच्या बालकातील यकृतविकार नोंदविला. पित्त यकृतातच साचत होते. अशा बालकात कावीळ वाढते, रक्तातील प्रत्यक्ष बिलिरुबिन चढते आणि उपाय न झाल्यास यकृत तंतुमय होत जाते. कारण एकच नाही. अपुऱ्या दिवसांच्या बालकाची पित्तवहनाची यंत्रणाच अपक्व असते. त्यात जंतुसंसर्ग व अतिरिक्त साखर यांची भर पडते. सोयाबीन तेलातील वनस्पतिजन्य फायटोस्टेरॉल व ओमेगा-६ मेदाम्लेही दोषी ठरली. बोस्टनमधील डॉक्टरांनी २००६ मध्ये मासळीच्या तेलाचे इमल्शन देऊन दोन बालकांतील हा विकार मागे हटल्याचे दाखविले. अमेरिकेत त्याला मान्यता मिळण्यास २०१८ साल उजाडले. तोवर अनेक ठिकाणी सोयाबीन तेलाची मात्रा कमी करण्याचा मार्ग अवलंबिला गेला होता.

तथापि सर्वांत महत्त्वाचे कारण रिकामे आतडे हे होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अन्न आतड्यात उतरले की तेथील संप्रेरके पित्ताशयाला आकुंचनाची सूचना देतात आणि पित्त वाहते. शिरेतून सर्व घटक मिळाले तरी ही सूचना मिळत नाही. अन्नाचा घटक आणि अन्नाचा मार्ग या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे यकृताने दाखवून दिले. त्यामुळेच शिरेवाटे पोषण चालू असतानाही दर काही तासांनी एक-दोन मिलीलीटर मातेचे दूध नळीने पोटात सोडण्याची पद्धत रूढ झाली.

येथे महाराष्ट्राचे योगदान नजरेआड करता येत नाही. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. त्यामागे यकृताचा विचार नव्हता. प्रश्न होता जंतुसंसर्गाने दगावणाऱ्या गरिबांच्या बालकांचा, आणि महागडी साधने हाताशी नव्हती. साधनांच्या तुटवड्यातून निघालेला हा मार्ग शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य होता. आज पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही अशी पेढी आहे. म्हणजे शिरेत द्यावयाची द्रावणे बनविणाऱ्या या गावात मातेचे दूधही साठविले जाते.

या बालकांना शिरेवाटे पोषणाची गरज नाही, असा याचा अर्थ नव्हे. आतडे निकामी असलेल्या बालकाला आजही दुसरा आधार नाही. परंतु सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बालकाचे आतडे निकामी नसते. ते केवळ सवयीचे नसते. त्याला दूध मिळणे हे पुष्कळदा आईच्या परिस्थितीवर अवलंबून असते. चाकण-भोसरी पट्ट्यातील कंत्राटी कामगाराची पत्नी घरी सोडली जाते आणि बाळ काचेच्या पेटीत राहते. तिचे दूध काढायचे कोठे, थंड ठेवायचे कसे, आणि पतीची पाळी बुडू न देता ते रुग्णालयात पोचवायचे कोणी, हे प्रश्न औषधनिर्मितीच्या इतिहासात येत नाहीत. यकृताच्या इतिहासात मात्र ते यावे लागतात.