आवृत्ती संपू न देणारा प्रकाशक

'आवृत्ती संपली' हे वाक्य प्रकाशकाला सुखावते; पण पुनर्मुद्रण झाले नाही, तर तीच विस्मरणाची नांदी ठरते. हे विस्मरण नाकारणारा ध्वनिमुद्रिकांचा प्रकाशक म्हणून आम्हांला मोझेस ॲश यांची कारकीर्द विचारात घ्यावीशी वाटते.

विख्यात यिडिश कादंबरीकार शोलेम ॲश यांचे हे पुत्र. जन्म १९०५, वॉर्सा; पेशा रेडिओ-तंत्रज्ञाचा. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी प्रथम स्वतःच्या नावाने आणि नंतर 'डिस्क' या नावाने ध्वनिमुद्रिका काढल्या. 'डिस्क' दिवाळखोरीत गेल्यावर १९४८ साली मरियन डिस्टलर यांच्या साहाय्याने 'फोकवेज'ची स्थापना झाली. लेड बेली आणि वुडी गथ्री यांची गाणी, लँग्स्टन ह्यूझ यांचे काव्यवाचन, निरनिराळ्या देशांचे लोकसंगीत, इतकेच काय, बेडकांचे आवाजही या सूचीत आहेत. १९८६ साली ॲश यांचे निधन झाले, तेव्हा ही सूची दोन हजारांवर गेली होती.

या पसाऱ्यामागचे अर्थकारण साधे होते. प्रती थोड्या काढायच्या, वेष्टन साधे ठेवायचे, सोबत माहितीपर पुस्तिका द्यायची आणि शाळा-ग्रंथालयांवर भिस्त ठेवायची. खप नसला तरी मुद्रिका सूचीतून काढायची नाही, हा दंडक. वापर कमी म्हणून कोशातून एखादे अक्षर कोणी वगळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद असे.

मात्र या दंडकाला दुसरी बाजूही आहे. १९५२ साली हॅरी स्मिथ यांनी संपादिलेला अमेरिकी लोकसंगीताचा संग्रह 'फोकवेज'ने काढला. त्यातील ८४ मुद्रणे इतर कंपन्यांची होती आणि ती परवानगीवाचून घेतलेली होती. मालक जे उपलब्ध ठेवत नाही ते लोकांना मिळालेच पाहिजे, अशी ॲश यांची भूमिका. पुढच्या पिढीचे लोकसंगीत या संग्रहावर पोसले गेले, हे खरे. परंतु मानधन अपुरे मिळते, अशी ॲश यांच्याविषयी काही कलावंतांची तक्रार होती, हेही तितकेच खरे. लोकांचा हक्क आणि गाणाऱ्याचा हक्क यांतील हा पेच त्यांना सुटला नाही, असे आमचे मत आहे.

सर्व मुद्रिका उपलब्ध राहतील, या अटीवर १९८७ साली स्मिथसोनियन संस्थेने हा संग्रह घेतला. २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती-नोंदवहीत त्याचा समावेश झाला. वाङ्मयेतिहास लिहिताना आपण लेखक आणि समीक्षक मोजतो. कोणती कृती पुढच्या वाचकाच्या हाती पडणार, हे ठरवणाऱ्या प्रकाशकाच्या सूचीचाही अभ्यास त्यात व्हायला हवा.