स्त्रीचें दुखणें आणि तिचा निर्णय

जें दुखणें लाजेमुळें बोलून दाखवितां येत नाहीं, त्याची नुसती मोजदाद करणें हेंहि मोठें कार्य ठरतें. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कांहींना कांहीं स्त्रीरोग होता. पूर्वीं तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या.

तीस वर्षांनीं याच प्रश्नाची दुसरी बाजू उघडी पडली. बीड जिल्ह्यांतील कुटुंबें हंगामांत ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत, बारामतीजवळील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गांवांच्या ऊसपट्ट्यांत उतरतात. २०१९ सालीं शासनाच्या समितीनें त्यांतील स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां ८२,३०९ पैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. पाळीच्या त्रासानें खाडा पडला कीं दंड बसे. त्यांत कर्करोगाची भीति घातली जाई.

गडचिरोलींत वैद्य पोहोंचलाच नव्हता. बीडमध्यें शस्त्रक्रिया फार लवकर पोहोंचली. भीति व मजुरी यांच्या कात्रींत सांपडून दिलेला होकार हा निर्णय नव्हे. रोग कोणता, उपाय कोणते व परिणाम काय, हें समजल्यावर ती स्त्री जें ठरवील, तोच तिचा निर्णय होय.